आधी जात की आधी बाई?

(युवक-युवतींच्या अभ्यास शिबिरात केलेलं भाषण)

मला दिलेला विषय लांबलचक आहे. स्त्रीवादी विचार, समाजाची चिकित्सा करणारा सिद्धांत, आणि राजकीय कृती, यांचा सांधा कसा जुळवायचा. मी मॅट्रिक झालेला माणूस. दिवसा गोदीत माल उचलतो, रात्री कविता लिहितो. सिद्धांत हा शब्द ऐकला की आमच्या टोळीतली माणसं विचारतात, किती किलोचा आहे? ट्रकात टाकायचा की गोदामात? प्रश्न चेष्टेचा आहे, पण बिनतोड आहे. सिद्धांताला वजन आहे का, आणि तो उचलून न्यायचा कुठं, एवढंच मला आज बोलायचंय.

कारण उद्या सकाळी आपल्यापुढं दोन ठराव आहेत. पहिला, अभ्यासवर्ग बंद करायचा आणि तो वेळ आंदोलनाला द्यायचा. दुसरा, बायांचे प्रश्न वेगळ्या महिला आघाडीकडं द्यायचे, म्हणजे मुख्य कमिटीला जातीच्या लढाईकडं नीट लक्ष देता येईल. हे दोन्ही ठराव पडले पाहिजेत असं माझं म्हणणं आहे. का पडले पाहिजेत ते सांगतो. पटलं नाही तर उभं राहून बोला.

पहिल्या ठरावाचे मित्र मार्क्सचा दाखला देतात. 1845 साली मार्क्सनं काही टिपणं काढली आणि जगाचा नुसता अर्थ लावत बसणाऱ्या तत्त्वज्ञांना फटकारलं. खरं आहे. पण फटकारून झाल्यावर हा गडी काय करत बसला? लंडनला ब्रिटिश म्युझियमच्या वाचनालयात वर्षानुवर्षं कारखाना तपासनिसांचे अहवाल वाचत बसला. त्यातून 1867 साली 'भांडवल'चा पहिला खंड निघाला. कामाच्या दिवसाची लांबी कोण ठरवतं, त्यावरून मालक-मजुरांत काय झटापट झाली, हे त्यात वाचलं की आपल्या पाळीचा हिशोब लागतो. वाचू नका असं त्या माणसानं कधी सांगितलेलं नाही. ते आपण आपल्या सोयीनं काढलंय.

दुसरा एक माणूस, माक्स हॉर्कहायमर. जर्मन, ज्यू. हिटलरनं त्याच्या संस्थेला देशोधडीला लावलं आणि ती संस्था न्यूयॉर्कच्या कोलंबिया विद्यापीठाच्या आसऱ्याला आली. 1937 साली यानं एक निबंध लिहिला. त्याचं म्हणणं माझ्या भाषेत असं. सिद्धांत दोन जातीचे. एक सिद्धांत म्हणतो, मी बाहेर उभा आहे, मला कुणाशी देणंघेणं नाही, मी नुसतं मोजतो. दुसरा म्हणतो, मी याच समाजात जन्मलो, माझ्या मोजपट्टीवरसुद्धा या समाजाचा हात आहे, आणि मला हा समाज बदलायचाय म्हणूनच मी मोजतोय. या दुसऱ्याला चिकित्सक सिद्धांत म्हणतात.

आता कोलंबिया म्हटल्यावर तुमचे कान टवकारले असतील. टवकारू द्या. त्या निबंधाच्या एकवीस वर्षं आधी, 9 मे 1916 ला, त्याच विद्यापीठात डॉ. गोल्डनवायझर यांच्या मानववंशशास्त्राच्या वर्गात आपला एक पोरगा पेपर वाचत होता. वय पंचवीस. आपल्यातल्या कित्येकांच्या वयाचा. विषय होता, भारतातल्या जाती, त्या चालतात कशा आणि निघाल्या कशा. पुढच्या वर्षी तो 'इंडियन अँटिक्वरी'त छापून आला. आपण सगळे बाबासाहेबांच्या फोटोला हार घालतो. या पेपरातलं गणित किती जणांनी सोडवलंय?

गणित सोपं आहे. बाबासाहेब म्हणतात, जातीचा जीव आहे जातीतल्या जातीत लग्न करण्यात. बाकी विटाळ, पंगत, धंदा, हे नंतरचं. आता समजा एका गटानं ठरवलं, बाहेर लग्न करायचं नाही. तर त्या गटात लग्नाच्या वयाचे बाई-पुरुष सारखे पाहिजेत. पण माणसं नवरा-बायको मिळून एकाच दिवशी मरत नाहीत. नवरा मेला, बाई उरली. ही बाई गटाला जादा झाली. तिनं बाहेर लग्न केलं तर कुंपण मोडतं. गटात दुसरं केलं तर कुठल्यातरी पोरीच्या वाट्याचा नवरा जातो. मग तिचं काय करायचं? नवऱ्याबरोबर जाळायचं. नाहीतर जन्मभर विधवा ठेवून तिचं माणूसपण मारायचं. आणि बायको मेली, पुरुष उरला तर? त्याला जाळत नाहीत. तो गटाला हवा असतो. त्याला संन्यासी करून ठेवणंही परवडत नाही. मग त्याच्यासाठी खालच्या वयाची, लग्नाला न आलेली पोरगी आणायची. सती, सक्तीचं वैधव्य, बालविवाह. या तिन्ही चाली पोथीवाल्यांनी धर्म म्हणून मिरवल्या. पंचवीस वर्षांच्या पोरानं दाखवून दिलं की हे कुंपण राखायचं तंत्र आहे.

आता सांगा, आधी जात की आधी बाई? हा प्रश्नच उभा राहात नाही. बाईच्या लग्नावर पहारा बसवल्याशिवाय जात एक पिढीसुद्धा टिकत नाही. तुम्ही म्हणता दार फोडू, आणि कुलपाला हात लावत नाही.

आणि हा पहारा फक्त बाईचाच जीव घेत नाही. 2013 च्या जानेवारीत तेव्हाच्या अहमदनगर जिल्ह्यात सोनईला आपल्या तीन तरुणांना तोडून मारलं. कारण प्रेमप्रकरण. 2014 च्या एप्रिलमध्ये त्याच जिल्ह्यात खर्ड्याला सतरा वर्षांच्या नितीन आगेला मारलं. सवर्ण मुलीशी बोलतो, हा संशय पुरला. सोनईत 2018 साली नाशिकच्या न्यायालयानं सहा जणांना फाशी सुनावली. खर्ड्यातले सगळे आरोपी 2017 साली सत्र न्यायालयातून सुटले. या पोरांनी कुणाची विहीर बाटवली नव्हती. बाईवरच्या पहाऱ्याला त्यांचा धक्का लागला, एवढंच. म्हणजे सवर्ण बाईला तिच्या घरात आपल्या मर्जीनं लग्न करता येत नाही, त्याची किंमत आपला पोरगा रक्तानं मोजतो. आता म्हणा, बायांचा प्रश्न बायांच्या आघाडीकडं द्या.

बाबासाहेबांनी तो पेपर पेटीत ठेवून दिला नाही. त्याला पाय फुटले. 25 डिसेंबर 1927 ला महाडला मनुस्मृती जाळली. त्या पुस्तकात शूद्राला आणि बाईला एकाच दोरीनं बांधलंय हे ओळखूनच जाळली. त्याच परिषदेच्या वेळी बायांची वेगळी सभा घेतली आणि सांगितलं, जात ओळखू यावी म्हणून अंगावर लादलेलं नेसणं आणि दागिने टाकून द्या. 1928 साली मुंबईच्या कायदे कौन्सिलात कामगार बायांच्या बाळंतपणाच्या रजेच्या बाजूनं उभे राहिले. 20 जुलै 1942 ला नागपूरला दलित महिलांची अखिल भारतीय परिषद भरली, सुलोचनाबाई डोंगरे अध्यक्ष. हजारो बाया आल्या. ठराव काय केले? काडीमोडाचा हक्क पाहिजे. एका पुरुषाला एकच बायको. गिरण्यांतल्या, विड्यांच्या कारखान्यांतल्या बायांना रजा, भरपाई, पेन्शन. बायांवर देखरेखीला बाईच. हे 1942 साली! आणि 27 सप्टेंबर 1951 ला बाबासाहेबांनी मंत्रिपद सोडलं. त्यामागं हिंदू कोड बिल अडवून ठेवल्याचं मोठं कारण होतं. बाईला वारसा आणि काडीमोड देणारं बिल. 1916 चं गणित आणि 1951 चा राजीनामा यांच्यामध्ये पस्तीस वर्षं आहेत. ती एकच वाट आहे.

आणि बाबासाहेबांच्याही आधी आपल्या बायांनी हे लिहून ठेवलंय. 1855 साली फुल्यांच्या शाळेतली मांगाची पोरगी, मुक्ता साळवे, 'ज्ञानोदय'मध्ये निबंध लिहिते. मांगा-महारांच्या दुःखावर लिहिताना ती थेट बाळंतिणीवर येते. डोक्यावर छप्पर नाही, थंडी-पाऊस अंगावर घेत आपल्या बाया बाळंत होतात, हे ती सांगते. जातीचं दुःख मोजायला तिनं बाळंतिणीचं अंग घेतलं. 1882 साली बुलढाण्याची ताराबाई शिंदे 'स्त्री-पुरुष तुलना' लिहिते, आणि सुधारक म्हणवणारेही तिच्यावर तुटून पडतात. तेव्हा जोतीराव 'सत्सार'मधून तिच्या बाजूनं उभे राहतात. बायांचं बोलणं कानावर आलं की कुठं उभं राहायचं, हे तेव्हाच दाखवून दिलेलं आहे.

आता दुसऱ्या बाजूला येतो. माझे काही मित्र म्हणतात, ठीक आहे, पण स्त्रीवाद ही शिकलेल्या, इंग्रजी बोलणाऱ्या बायांची चळवळ. आपला काय संबंध? या बोलण्यात एक खरं आहे आणि एक खोटं. दोन्ही वेगळं काढू.

अमेरिकेतलं एक प्रकरण घ्या. कामगारांचंच आहे, लगेच कळेल. जनरल मोटर्सच्या कारखान्यात 1964 च्या आधी काळ्या बाया घेतल्याच नव्हत्या. पुढं मंदी आली, कपात झाली. नियम काय? शेवटी लागला तो आधी बाहेर. झालं, 1970 नंतर लागलेल्या सगळ्या काळ्या बाया रस्त्यावर. पाच जणी कोर्टात गेल्या. 1976 साली कोर्ट म्हणालं, कंपनीनं बाया घेतल्यात की. होय, घेतल्यात, हापिसात, गोऱ्या. म्हणजे लिंगाचा भेदभाव नाही, आणि वंशाची तक्रार दुसऱ्या खटल्यात न्या. घरी जा. किंबर्ले क्रेनशॉ नावाच्या काळ्या कायदेपंडित बाईनं 1989 साली हे प्रकरण उलगडून सांगितलं. तिचं म्हणणं, चौकात उभ्या बाईला दोन रस्त्यांवरून येणाऱ्या गाड्या धडकू शकतात, आणि कायदा विचारत बसतो, नक्की कुठल्या गाडीनं धडक दिली ते आधी सांग.

हे आपल्याकडं होत नाही? 1972 साली देसाईगंजच्या पोलीस ठाण्यात मथुरा या आदिवासी मजूर पोरीवर दोन पोलिसांनी अत्याचार केला. नागपूरच्या हायकोर्टानं शिक्षा दिली. 1978 साली सुप्रीम कोर्टानं सोडलं. का, तर अंगावर जखमा नाहीत, आरडाओरडा नाही, म्हणजे तिची संमती. रात्रीचं पोलीस ठाणं, दारं बंद, समोर वर्दीतला माणूस, आणि आदिवासी पोरगी ओरडली नाही म्हणून संमती! 1979 च्या सप्टेंबरमध्ये कायद्याच्या चार शिक्षकांनी, उपेंद्र बक्षी, रघुनाथ केळकर, लतिका सरकार आणि वसुधा धागमवार यांनी, सरन्यायाधीशांना उघडं पत्र लिहिलं. शरण जाणं आणि संमती देणं या दोन वेगळ्या गोष्टी आहेत, हा त्यातला मुद्दा. हा सिद्धांतच आहे. पण ते पत्र हातात घेऊन 8 मार्च 1980 ला गावोगावच्या बाया रस्त्यावर उतरल्या. 1983 साली कायदा बदलला. कोठडीतल्या बलात्कारात बाई म्हणाली संमती नव्हती, तर कोर्टानं तेच धरून चालायचं. पत्र नसतं तर मोर्च्याला काय मागायचं ते कळलं नसतं. मोर्चा नसता तर पत्र फायलीत कुजलं असतं. हा सांधा.

म्हणून 'आपला काय संबंध' हे खोटं. पण खरं काय आहे? खरं हे की 1983 च्या कायद्यात बाई आली, तिची जात-जमात आली नाही. ती 1989 च्या अत्याचार प्रतिबंधक कायद्यात वेगळी आली. दोन कायदे दोन खणांत. आणि आपली बाई त्या दोन खणांच्या फटीत पडते. 29 सप्टेंबर 2006. खैरलांजी. सुरेखा भोतमांगे, प्रियांका, आणि दोन पोरं. सत्र न्यायालयानं 2008 साली खुनाची शिक्षा दिली, पण अत्याचार प्रतिबंधक कायदा लागू धरला नाही, बायांच्या विटंबनेचा गुन्हाही सिद्ध धरला नाही. 2010 साली हायकोर्टातही तेच. माणसं मेली हे मान्य. दलित म्हणून, बाई म्हणून काही घडलं हे अमान्य. अख्खं गाव अंगावर आलं त्याचं कारण निकालात सापडत नाही.

आणि हे ऐका. 2021 च्या एप्रिलमध्ये सुप्रीम कोर्टाचा एक निकाल आला. आंध्रातली, जन्मापासून आंधळी, अनुसूचित जातीची मुलगी, तिच्यावर बलात्कार. कोर्टानं निकालात क्रेनशॉच्या त्या चौकाचीच चर्चा केली. जात, लिंग, अपंगत्व एकाच अंगावर कसं येतं ते सविस्तर मांडलं. बलात्काराची जन्मठेप कायम ठेवली. आणि अत्याचार प्रतिबंधक कायद्याखालची शिक्षा रद्द केली! कारण गुन्हा जातीच्या कारणावरून झाला, असा पुरेसा पुरावा फिर्यादी पक्षानं आणलाच नव्हता. सिद्धांत देशाच्या सर्वात वरच्या कोर्टात पोचला, पण खाली पुराव्याच्या कागदात तो नव्हता.

दोस्तांनो, माझ्या भाषणाचं सगळं वजन इथं आहे. सिद्धांत आणि कृती यांचा सांधा विद्यापीठात जुळत नाही, नुसत्या मोर्च्यातही जुळत नाही. तो रात्री अकरा वाजता पोलीस ठाण्यात, ठाणे अंमलदाराच्या टेबलावर जुळतो, नाहीतर तुटतो. फिर्याद कोण सांगतं, कोण लिहितं, काय लिहितं. आंध्रातली ती घटना 2011 ची होती. तेव्हा जातीच्या कारणावरून गुन्हा केला, हे सिद्ध करावं लागायचं. ते कलम बदललंय. 26 जानेवारी 2016 पासून आरोपीला बाईची जात माहीत होती एवढं पुरतं, आणि तो तिला किंवा तिच्या घरच्यांना ओळखत असेल तर जात माहीत होती असंच कोर्ट धरतं. म्हणजे 'हा माणूस आम्हाला ओळखतो, आमची वस्ती त्याला माहीत आहे' हे एक वाक्य पहिल्या फिर्यादीत आलं पाहिजे. तोंडी सांगितलेली फिर्याद लिहून घेतल्यावर सही घेण्याआधी वाचून दाखवणं हे पोलिसाचं कर्तव्य आहे, नाही केलं तर कलम 4 खाली तो स्वतः गुन्हेगार. तपास उपअधीक्षकाच्या खालच्या अधिकाऱ्यानं करायचा नाही. आरोपपत्र साठ दिवसांत. कलम 15अ मध्ये पीडितांचे आणि साक्षीदारांचे हक्क लिहून दिलेत. हे आपल्या किती पोरांना पाठ आहे? घोषणा पाठ आहेत. घोषणा फिर्यादीत लिहिता येत नाही.

अभ्यासवर्ग बंद करायचा म्हणणाऱ्यांना मी हे सांगतोय. हे शिकायचं कुठं?

आणि शिकवायचं कोणी? गोपाळ गुरूंनी 2002 साली लिहिलं की आपल्या समाजशास्त्रात सिद्धांत मांडणारे वरचे आणि माहिती पुरवणारे खालचे, अशीच वर्णव्यवस्था आहे. बरोबर. पण तीच वर्णव्यवस्था आपल्या कमिटीत आहे. पुरुष भाषण करतो, बाई अनुभव सांगते. बाई रडते, पुरुष ठराव लिहितो. 1995 साली याच गुरूंनी मांडलं की दलित बाई वेगळं बोलते, कारण तिला बाहेरच्या जातीचाही मार आहे आणि घरातल्या पुरुषाचाही. 1998 साली शर्मिला रेगे यांनी पुढचं पाऊल टाकलं. वेगळं बोलते म्हणून तिला वेगळं बसवू नका, तिच्या जागेवरून सगळ्यांनीच समाज पाहायला शिका. माझ्या मते आपल्या दुसऱ्या ठरावाला हे उत्तर आहे. आणि उर्मिला पवार, मीनाक्षी मून यांनी आंबेडकरी चळवळीतल्या बायांच्या दारोदार जाऊन 1989 साली 'आम्हीही इतिहास घडवला' काढलं, ते कुणी वाचलंय? हात वर करा. बघा. बायांच्या बाजूचे जास्त आहेत.

आता जे बोललं की सभेत शांतता पसरते ते बोलतो. आपल्याच माणसानं आपल्या बाईला मारलं तर? तिथं अत्याचार प्रतिबंधक कायदा लागत नाही, दोघं एकाच बाजूचे. तिथं 2005 चा घरगुती हिंसाचाराचा कायदा आहे. पण बाई तक्रार द्यायला निघाली की चार कार्यकर्ते आडवे येतात. ताई, समाजाची बदनामी होईल. ताई, चळवळीचा माणूस आहे. ताई, बाहेरचे हसतील. मी विचारतो, हे बोलणं आपण कुठं ऐकलंय? खैरलांजीच्या गावानं, खर्ड्याच्या गावानं हेच म्हटलं असेल ना, गावाची बदनामी नको? जादा बाईला गप्प बसवायचं तंत्र 1916 साली बाबासाहेबांनी उघडं केलं. तेच तंत्र निळा झेंडा लावून आपल्या वस्तीत चालवायचं?

म्हणून दोन्ही ठराव पाडा, आणि त्यांच्या जागी माझे चार घ्या.

एक. अभ्यासवर्ग चालू राहील, पण रात्री नऊला नाही. रविवारी दुपारी, बायांना जमेल त्या वेळेला. त्या दोन तासांत पोरं पुरुष सांभाळतील, आणि चहाही तेच करतील.

दोन. फिर्याद लिहिणाऱ्यांचं पथक करायचं. निम्म्या बाया. कायद्याची कलमं, 1 जुलै 2024 पासून लागू झालेली नवी संहिता, दवाखान्याची तपासणी, सगळं शिकायचं. घटना कुठल्याही हद्दीत घडो, फिर्याद जवळच्या ठाण्यात नोंदवून घेता येते, हे पोलिसाला ठणकावून सांगता आलं पाहिजे.

तीन. कार्यकर्त्याविरुद्ध घरातल्या बाईची तक्रार आली तर कमिटी तडजोड करणार नाही. तो पदावरून बाजूला होईल, आणि पथक त्या बाईबरोबर जाईल.

चार. महिला आघाडी पाहिजे असेल तर ती बायांनी मागावी, बायांनी काढावी. आपण काढून देऊन त्यांना मुख्य कमिटीतून बाहेर घालवायचं नाही. खजिनदार आणि सेक्रेटरी यांतली एक जागा बाईची.

तिसऱ्या ठरावावर खळखळ होणार, मला दिसतंय. काहींनी आत्ताच मान खाली घातलीय. होऊ द्या खळखळ. पण मत उघड द्यायचं, हात वर करून, बायांच्या समोर.

आता प्रश्न विचारा. आधी बाया विचारतील.

जयभीम.